बाटलीतली उशिरी

"आधी दार लावा, मग बोला," असं धाकटी म्हणायची. कुणी हसत येवो की रडत, पाहुणा येवो की घरचं माणूस, तिची नजर आधी दाराकडे जायची आणि मग माणसाकडे. ही सवय तिला कामावर लागली होती. फळझाडांच्या एका सरकारी केंद्रात लहानशी प्रयोगशाळा होती, तिथे ती काचेच्या बाटल्यांत झाडं वाढवायची. उघड्या दारातून वाऱ्याबरोबर डोळ्यांना न दिसणारी बुरशी येते. ती बाटलीत शिरली की बघता बघता रोपावर पिंजलेल्या कापसासारखी पसरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून दार. पण हेच तिने घरी येऊनही म्हणावं, जिथे दार सकाळी उघडलं की थेट दिवेलागणीलाच मिटायचं, हे थोरलीला काही पटायचं नाही. "बाई गं, आमच्या घरातली बुरशी जुनी आहे," थोरली म्हणायची. "तिला आता बाहेरच्या कुणाची सोबत नको."

थोरली आणि धाकटी म्हणजे दोघा सख्ख्या भावांच्या बायका. थोरलीचा नवरा शिंपी. रस्त्याकडच्या खिडकीशी त्याचं मशीन, आणि मशीनशी तो. धाकटीचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला. तेव्हा सगळ्यांनी तिला माहेरी जायचा सल्ला दिला. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि केंद्रात नोकरी धरली, केंद्राजवळच एक खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी मात्र न चुकता सासरी यायची. थोरली मनाशी म्हणायची, ही काही माझ्या ओढीने येत नाही. आणि ते खरंच होतं. धाकटी यायची भाऊजींसाठी, म्हणजे थोरलीच्या नवऱ्यासाठी, ज्यांनी तिच्या पडत्या काळात तिला एका शब्दानेही दुखावलं नव्हतं, आणि परसातल्या झाडासाठी.

झाड नाशपातीचं होतं. बाकी सगळ्यांच्या नाशपात्या थंडीच्या आधी संपायच्या. ह्या झाडाची फळं तेव्हा दगडासारखी घट्ट असायची. ती उतरवून अंधाऱ्या खोलीत भुशात मांडून ठेवायची आणि विसरून जायचं. थंडी भरात आली, सकाळी पाण्यात हात घालवेनासा झाला, की एक दिवस त्या खोलीचं दार उघडताच वास अंगावर यायचा. साल खरखरीत, तपकिरी, दिसायला अगदी ओबडधोबड. आत मात्र लोणी. चव गोड खरी, पण शेवटी जिभेच्या कडेला बारीकसा चिमटा. घरात तिला उशिरी म्हणत. सासरे होते तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचे, ही कुणी पेरलेली नाही, आमच्या बांधावर आपली आपण उगवली. हे इतक्या वेळा सांगून झालं होतं की घरातली पोरंसुद्धा त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

पुढे त्या सगळ्या भागात फळझाडांवर एक रोग आला. फांदीचं टोक वाकायचं, पानं जळल्यासारखी काळी व्हायची, आणि खालपर्यंत सगळं वाळत यायचं. जुन्या जातींची झाडं एकेक करून गेली. केंद्राचे साहेब नवी वाणं तयार करणारे, त्यांना असल्या जुन्या देशी जाती हव्या होत्या. एक टिकाऊपणासाठी, एक चवीसाठी, असे गुण एकत्र आणायचे तर मूळ झाड जिवंत हवं. धाकटीने त्यांना उशिरीबद्दल सांगितलं. साहेब स्वतः येऊन पाहून गेले, एक फळ खाल्लं, आणि लगेच दुसरं मागून घेतलं. असं झाड त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

पण उशिरीच्याही एका अंगाला रोग लागला होता. अर्धं झाड वाळलेलं, ते घराच्या भिंतीवर रेललेलं. आणि त्याच सुमाराला थोरलीच्या मुलासाठी मुली बघायला सुरुवात झाली. घरात खोल्या दोन. तिसरी बांधायची तर जागा परसातच, आणि परसात मधोमध झाड. थोरलीने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. जेवताना तेच, झोपताना तेच. तो मान हलवायचा आणि मशीन चालवायचा. शेवटी धाकटी मध्ये पडली. मला थोडा वेळ द्या, ती म्हणाली, झाड बाटलीत घेऊ द्या, मग जागा तुमची. थोरलीने हसून विचारलं की एवढं झाड बाटलीत शिरायचं कसं, आधी कोणती बाजू घालणार. धाकटी हसली नाही.

सांगायला सोपं वाटतं, करायला तसं ते नव्हतं. वरच्या फांद्यांचे कोवळे शेंडे आणायचे, धुवायचे, औषधात बुडवायचे, नखाएवढा अंकुराचा डोळा कापून बाटलीतल्या जेलीत खोचायचा. हात स्पिरिटने पुसायचे, चिमटा ज्योतीवर धरायचा. उशिरीचे डोळे जेलीत गेले की चहासारखं काळं पाणी सोडायचे आणि स्वतःच त्यात मरायचे. जे काळे पडले नाहीत त्यांच्यातून म्हाताऱ्या लाकडात मुरलेला रोग बाहेर पडायचा आणि जेली दुधाळ व्हायची. असे दोन हंगाम गेले. धाकटीची बोटं स्पिरिटने कोरडी पडून टोकांना फाटली. थोरली तिच्या हातावर तेल ओतायची आणि म्हणायची, तुझ्या त्या बाटल्यांपेक्षा लोणच्याची बरणी बरी, निदान जेवताना कामाला येते.

तिसऱ्या हंगामात धाकटीने वरचा नाद सोडला आणि खाली वाकली. बुंध्याशी, जमिनीलगत, चार-दोन फुटवे आले होते. ते तिने नेले. आणि ते जगले. नुसते जगले नाहीत, एकाचे पाच झाले, पाचांचे पंचवीस. पानं मात्र वरच्यापेक्षा लहान, कडेला दाते, आणि काडीला बारीक काटे. साहेबांनी भिंगातून पाहून विचारलं, हे काटे कसले? धाकटीने सांगितलं की म्हातारं झाड आपलं बाळपण पायाशी जपून ठेवतं. वर फळं धरतात तरी बुंध्याजवळचा फुटवा पोरवयाचाच असतो, म्हणून त्याला काटे, आणि म्हणूनच तो बाटलीत रुजतो. साहेबांना हे माहीत होतंच, त्यांनी मान डोलावली. त्यात खोटं काही नव्हतं. नाशपातीचं असंच असतं.

मग एके दिवशी ती थोरलीला हाताला धरून प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. बाहेर चपला काढायच्या, आतल्या वेगळ्या घालायच्या, केसांना टोपी. थोरलीला आधी हसू आलं, पण वाढखोलीत पाऊल टाकलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं. फळ्यांवर फळ्या, प्रत्येक फळीवर पांढरे दिवे, आणि त्याखाली बाटल्यांच्या रांगा. प्रत्येक बाटलीत हिरवा झुबका, इवल्या इवल्या पानांचा. कुठे माती नाही, कुठे किडा नाही. यंत्राची बारीक घरघर तेवढी. थोरलीने एक बाटली उजेडात धरली. अख्खं झाड तिच्या मुठीत मावलं होतं. धाकटीबद्दल तिच्या मनात लग्नापासून अढी होती. धाकटी शिकलेली, धाकटी नोकरीवाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला वाटलं की ही आपल्या घरची आहे.

"ताई, आता तोडा झाड," धाकटी म्हणाली. "माझ्याकडून मोकळीक आहे. उशिरी आता कुठे जात नाही."

झाड तुटायच्या आधी नणंद आली होती. लांब राहायची, तिचा मोठा मळा होता. तिने दोन काड्या मागितल्या, माझ्याकडच्या झाडावर बांधून बघते म्हणाली. धाकटीने ठाम नकार दिला. काडीबरोबर रोगही जाईल, तुमचा चांगला मळा नासेल. थांबा, मी तुम्हाला बाटलीतलं निरोगी रोप देते. नणंद जरा फुगली, पण तिलाही ते पटलं. तेही खोटं नव्हतं.

झाड तोडलं त्या दिवशी शिंप्याने खिडकी मिटून घेतली आणि दिवसभर मशीन चालवलं. कुणाचे कपडे शिवत होता देव जाणे, संध्याकाळी बघितलं तर नुसत्या चिंध्यांवर टीप मारलेली. पाया खणताना गवंड्याने बुंधा मुळासकट उपटला आणि मागच्या भिंतीशी लोटून दिला. थोरलीने तो आडवा करून घेतला, भांडी घासताना बसायला बरा पडायचा. खोली उभी राहिली. धाकटीने त्या दिवशी भाऊजींना शब्द दिला, पहिलं फळ तुमच्या हातावर ठेवणार. तो फक्त म्हणाला, "लवकर कर. मी काही उशिरी नाही, भुशात ठेवलं म्हणून टिकायला."

मग वर्षं गेली. बाटलीतली रोपं आधी ओल्या, झाकलेल्या पेटीत, मग कुंडीत, मग केंद्राच्या शेतात गेली. बाटलीतून निघालेलं रोप हवा पाहून दचकतं, मान टाकतं. पहिल्या खेपेची बरीचशी मेली, पुढच्या खेपेची जगली. ज्या रोगाने जुनी झाडं गेली तो ह्या झाडांच्या वाटेला गेला नाही. साहेब खुश होते. लांबून लांबून माणसं पाहायला यायची आणि धाकटी टोपी घालून त्यांना बाटल्या दाखवायची.

इकडे थोरलीचा मुलगा आणि सून नव्या खोलीत जेमतेम दोन वर्षं राहिले आणि नोकरीपायी दुसरीकडे गेले. खोली रिकामी पडली. पुढे शिंप्याचे पाय गेले. मशीनवर बसणं संपलं, तेव्हा त्याची खाट त्याच खोलीत टाकली, परसाच्या बाजूला. तो दर सुट्टीला धाकटीला विचारायचा, फूल आलं का? जेवण कमी झालं होतं. थोरली समोर ताट धरायची, तो दोन घास खाऊन बाजूला सारायचा, आणि उशिरीच्या गोष्टी मात्र पोटभर सांगायचा. थोरली चिडायची. जिवंत बायकोच्या हातचं गिळत नाही आणि मेलेल्या झाडाचं स्वप्न बघतो. पण धाकटी येईपर्यंत तीही वाट बघायची.

फूल आलं, फळही धरलं. पहिल्या वर्षी फळं गोटीएवढी राहिली आणि थंडीच्या कितीतरी आधी गळून पडली. धाकटीने घरी येऊन सांगितलं की पहिला बहर असाच असतो. दुसऱ्या वर्षी ती यायची कमी झाली. सुट्टीच्या दिवशीही शेतातच असायची, एवढंच थोरलीच्या कानावर आलं.

एका सकाळी ती आली. हातात कापडी पिशवी. थंडी अजून पडायची होती, अंगात साधा सदराही पुरत होता. थोरली मागे बुंध्यावर बसून भांडी घासत होती. धाकटी तिच्यासमोर उभी राहिली आणि जरा उठता का ताई, असं म्हणाली. थोरलीला वाटलं तिला बसायचंय. धाकटीने बादलीतलं पाणी घेऊन बुंध्यावरची वाळलेली माती धुतली, मग भांडी घासायच्या काथ्याने घासलं, मग नखाने. बराच वेळ ती गुडघ्यांवर बसून एकाच जागी अंगठा फिरवत राहिली. तिथे लाकडाला एक फुगवटा होता, बांगडीसारखा गोल. फुगवट्याच्या वरची साल पातळ, खालची जाड आणि चिरलेली. थोरली वर्षानुवर्षं त्याच्यावर बसली होती. धाकटीही बसली होती, चहा प्यायली होती.

"हे कलम आहे, ताई," ती म्हणाली.

थोरलीला काही उमगलं नाही. धाकटीने वर न पाहता सांगितलं, अगदी सावकाश, जणू शाळेतल्या मुलीला. खाली रानटी नाशपातीचा खुंट, त्याच्यावर उशिरीची काडी बांधलेली. हा जोड जमिनीच्या वर दिसायला हवा होता. तो मातीखाली गेला होता, म्हणून मला दिसला नाही. जमिनीलगतचे फुटवे मी नेले, ते उशिरीचे नव्हते, खुंटाचे होते. काटे बाळपणाचे नव्हते.

थोरलीला परसातली माती आठवली. परसात पाणी साचायचं म्हणून ती नवी नवरी असताना तिनेच सासऱ्यांच्या मागे लागून गाड्या भरभरून माती टाकून घेतली होती. तिने ते सांगितलं. धाकटीने मान हलवली, जणू हिशोबात राहिलेला एक आकडा मिळाला.

"म्हणजे मग आपली उशिरी?"

"ती वर होती. ती तोडली. तोडा असं मीच म्हणाले."

थोरलीने विचारलं की केंद्रात काय म्हणतात. धाकटी म्हणाली, साहेबांनी एक दिवस जुन्या नोंदी चाळल्या, मग त्यांचा चेहरा उजळला. हा खुंट रोगाला दाद देत नाही, बाटलीत भराभर वाढतो, सहज मुळं धरतो. असा खुंट ते कधीपासून शोधत होते. आता ह्याचीच हजारोंनी रोपं करायची आहेत, आणि ती मला करायची आहेत. माझं कौतुकही झालं. तिने हे असं सांगितलं की थोरलीला तिच्याकडे बघवेना. वरच्या शेंड्यांच्या बाटल्या कधीच धुऊन झाल्या होत्या, तिच्याच हाताने. दोन महिने ती गावोगाव फिरली होती, एखाद्या परसात, एखाद्या बांधावर उशिरीचं दुसरं झाड असेल म्हणून. नणंदेकडेही जाऊन आली. तिच्या मळ्यात सगळं होतं, उशिरी नव्हती.

थोरलीने तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने धाकटीची विनवणी केली. त्यांना सांगू नकोस. पहिल्या बहराचं आहे म्हण, पुढच्या वर्षी गोड होईल म्हण. ते कुठे केंद्रात येणार आहेत बघायला. किती दिवसांचं माणूस ते, वाट बघण्यात काय वाईट आहे? आतून खाटेवरून हाक आली, कोण आलंय, धाकटी का? काय आणलंस?

त्याला वास आला असावा. दोघी आत गेल्या. त्याने हात पुढे केला. तो हात असा पुढे असताना धाकटीला पिशवी लपवता येईना. तिने एक फळ त्याच्या तळव्यावर ठेवलं. लहान, पिवळं, गुळगुळीत. त्याने ते उजेडाकडे धरून फिरवलं, शिंपी कापडाचा पोत बघतो तसं. मग चावलं. त्याचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकला नाही. चावत राहिला.

"पहिल्या बहराचं आहे," तोच म्हणाला. "अजून मुरायचंय."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. वाट मोकळी होती, त्यानेच करून दिली होती, नुसतं हो म्हणायचं होतं. धाकटी खाटेच्या कडेला बसली.

"नाही, भाऊजी. ही उशिरी नाही. मी चुकीचा फुटवा घेतला. झाड कलमाचं होतं, मी खालचा खुंट वाढवला. उशिरी आता कुठेच नाही."

तो रागावला नाही. मग जे बोलला ते इतक्या सहज, की थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय.

"कलमाचंच होतं. बाबांनी बांधलं तेव्हा सुतळी मी धरली होती."

धाकटीने विचारलं, बाबा तर म्हणायचे आपली आपण उगवली. तो म्हणाला, बांधावरची उगवली होती, ते काही खोटं नाही. ती पडायला आली, एका पुराने अर्धी मुळं उघडी केली, तेव्हा बाबांनी तिची काडी आणून इथे बांधली. मी लहान होतो. सुतळी सैल सोडली म्हणून त्यांनी मला एक चापटही दिली होती. त्याच्या आवाजात त्या चापटीचा लाड होता.

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला माहीत असणार. तू त्यातलीच."

जिथे खाट होती तिथेच, त्या फरशीच्या जागी, एकेकाळी ते झाड उभं होतं. थोरलीला नवऱ्याचा राग आला, धाकटीचा आला, सासऱ्यांचा आला, आणि शेवटी राग येऊन जायला जागाच उरली नाही. तिने त्याच्या हातातलं उरलेलं फळ घ्यायला हात केला. त्याने दिलं नाही. सगळं खाल्लं, बी तेवढी तळहातावर काढून ठेवली.

"ह्याला नाव काय देणार तुझे साहेब?" त्याने विचारलं.

धाकटी म्हणाली, अजून ठरलं नाही. बाटल्यांवर अजून जुनंच नाव आहे.

"ते पुसा," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

धाकटी उठली. बाटल्यांची जेली बदलायची होती, एकदा दिवस ठरला की तो चुकवून चालत नाही. थोरलीने चहाचं विचारलं, ती नको म्हणाली. थोरलीने जेवून जा म्हटलं, ती नको म्हणाली. पिशवीतली बाकीची फळं तिने ओट्यावर ठेवली, मग पुन्हा पिशवीत भरली. अंगणात थोरली तिला काहीतरी म्हणणार होती. तुझी एकटीची चूक नाही, माती मी टाकली, असं काहीतरी. पण मघाशी हेच सांगितलं तेव्हा त्या सांगण्याने काहीच बदललं नव्हतं.

धाकटी रस्त्याला लागली. ताठ चालायची तिची रीत, तशीच चालत होती, पिशवी अंगापासून जरा दूर धरून. समोरून सायकलवाला आला, तिने त्याला वाट दिली आणि पुन्हा मध्यावरून चालू लागली. थोरली खांबाला हात लावून बघत राहिली. वळणाशी एक भिंत होती, धाकटी तिच्याआड गेली.

आतून खाटेवरून आवाज आला, "गेली का गं?"

रस्त्यावर आता कुणीच नव्हतं. थोरली तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, अजून दिसतेय.